बरे झालेल्यांचे आजारपण : आरोग्य कर्मचारी आणि कोविडोत्तर विकार

साथीच्या रोगाचा हिशेब सामान्यतः दोन रकान्यांत मांडला जातो : बरे झालेले आणि दगावलेले. कोविड-१९ च्या साथीतही दैनंदिन पत्रकांतून हेच आकडे प्रामुख्याने जनतेपुढे येत असत. परंतु तपासणीत विषाणू आढळेनासा झाला म्हणजे माणूस पूर्ववत झाला, असे नव्हे. या दोन रकान्यांच्या मध्ये अडकून पडलेल्यांत रुग्णसेवा करता करता आजारी पडलेल्यांचाही समावेश आहे आणि त्यांची दखल मात्र फारच थोडी घेतली गेली आहे.

मध्य प्रदेशातील इंदूर हे शहर मराठी माणसाला परके नाही. होळकरांच्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. मार्च २०२० च्या अखेरच्या आठवड्यात या शहरात कोविडचे पहिले रुग्ण आढळले आणि थोड्याच दिवसांत ते त्या राज्यातील साथीचे प्रमुख केंद्र बनले. २२ मार्च रोजी देशभर थाळ्या व टाळ्या वाजवून आरोग्य सेवकांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्यात आली. इंदुरात राजवाड्यापाशी तर त्यासाठी गर्दीच लोटली. त्यानंतर दहाव्या दिवशी, १ एप्रिल रोजी, टाटपट्टी बाखल या वस्तीत बाधितांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेण्यास गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातील दोन महिला डॉक्टर जखमी झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामावर रुजू झाल्या. ९ एप्रिल रोजी शहरातील एका खाजगी डॉक्टरांचे या रोगाने निधन झाले. कोविडने डॉक्टर दगावल्याची देशातील ती पहिली घटना म्हणून नोंदली गेली.

या घटना गाजल्या. महाराजा यशवंतराव रुग्णालय, मनोरमा राजे क्षय रुग्णालय, अरविंदो रुग्णालय आदी ठिकाणी राबणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ व सफाई कामगार, तसेच घरोघर सर्वेक्षण करणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांचे नंतर काय झाले, ही गोष्ट मात्र बातमीचा विषय झाली नाही.

विकाराचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या विकाराची व्याख्या निश्चित केली. संसर्गास सुरुवात झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनीही काही त्रास आढळत असेल, तो किमान दोन महिने टिकला असेल आणि त्याला दुसरे कोणतेही कारण सापडत नसेल, तर तो कोविडोत्तर विकार समजावा, असे ही व्याख्या सांगते. थकवा, धाप लागणे, छातीत धडधड, निद्रानाश, वास न येणे, स्मरण व एकाग्रता मंदावणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. शंभर बाधितांमागे सुमारे सहा जणांना तो होतो, असा संघटनेचा अंदाज आहे.

यातील थकव्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. हा श्रमानंतरचा नेहमीचा शीण नव्हे. अनेक रुग्णांत थोड्याशा परिश्रमानंतरही एकदोन दिवसांनी प्रकृती एकाएकी खालावते आणि विश्रांती घेऊनही ती लवकर सावरत नाही. अशा व्यक्तीस 'जरा हिंडाफिरा, म्हणजे बरे वाटेल' हा सल्ला हितचिंतक देतात खरा, पण तो अपायकारक ठरू शकतो. क्ष-किरण चित्र किंवा रक्ततपासणी यांत पुष्कळदा काहीच दोष दिसत नाही; त्यामुळे रुग्णावर आळसाचा आरोप येतो. परिचारिकेच्या बाबतीत विस्मरण ही साधी गोष्ट नाही, कारण औषधाची मात्रा तिच्याच ध्यानात असावी लागते.

आरोग्य कर्मचाऱ्यांना धोका अधिक असण्याची कारणे उघड आहेत. त्यांचा रुग्णांशी संपर्क वारंवार येतो, त्यामुळे संसर्गही पुन्हापुन्हा होण्याचा संभव असतो. मनुष्यबळ अपुरे असल्याने पुरेशी विश्रांती न घेताच त्यांना कामावर परतावे लागले. शिवाय हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो आणि परिचारिका व आशा कार्यकर्त्या या तर स्त्रियाच. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरणात आरोग्य कर्मचाऱ्यांना अग्रक्रम देण्यात आला. लसीमुळे या विकाराचा धोका कमी होतो. तथापि तो पूर्णपणे टळत नाही, आणि पहिल्या लाटेत बाधित झालेल्यांना तर ते संरक्षण मिळालेच नव्हते.

तरतुदी आणि नोंद

केंद्र शासनाने ३० मार्च २०२० पासून सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाख रुपयांची विमा योजना लागू केली. आशा कार्यकर्त्यांचाही तीत अंतर्भाव होता. योजना स्तुत्य होती. मात्र तिचा लाभ मृत्यू ओढवल्यासच देय होता. जो जगला पण पूर्वीसारखे काम करू शकला नाही, त्याच्यासाठी तीत काही नव्हते. ब्रिटनमध्ये यासंबंधीच्या सल्लागार मंडळाने नोव्हेंबर २०२२ मध्ये, आरोग्य सेवेतील व्यक्तींना कोविडमुळे जडलेल्या काही गंभीर व्याधी व्यावसायिक रोग मानाव्यात, अशी शिफारस केली. आपल्याकडे १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, आरोग्य व प्रयोगशाळेच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याखाली, तो नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, व्यावसायिक रोगांत गणलेले होतेच. परंतु तो ज्यांना लागू होता त्यांनाही अपंगत्व सिद्ध करावे लागत असे. त्याखालील दाव्यास सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत होती आणि सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकत असे. मानधन व मोबदल्यावर काम करणाऱ्या आशा कार्यकर्तीला तर 'कर्मचारी' ही संज्ञाच सहजी लागत नाही.

येथे कागदाचे महत्त्व येते. कोविडोत्तर विकारासाठी आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात 'यू ०९.९' हा स्वतंत्र संकेतांक आहे. डॉक्टरांनी 'अशक्तपणा' असे मोघम न लिहिता निदान झाल्यास त्याचा उल्लेख करावा. कार्यालयप्रमुखांना अशा कर्मचाऱ्यास काही काळ रात्रपाळीतून वगळता येईल, बसून करण्याचे काम देता येईल. आशा कार्यकर्तीचे घर गाठणे गावकऱ्यांनाही अवघड नाही. पूर्वी ती त्यांच्या दारी येत असे. आणि स्वतः कर्मचाऱ्याने तपासणीचा अहवाल, रजेचे अर्ज, औषधोपचाराची कागदपत्रे व त्या काळातील कामाच्या पाळीपत्रकाची प्रत जपून ठेवावी. २०२० सालचे हजेरीपट आज शोधल्यास बहुधा मिळतील. जुने दप्तर नष्ट करण्याची पाळी आल्यावर ते मिळणार नाहीत.