हातपाय गार आहेत का?

लाल विंचू चावलेलं मूल दवाखान्यात आणलं की कोकणातला मुरलेला डॉक्टर आधी दंशाची जागा शोधत बसत नाही. तो मुलाचे तळवे हातात घेऊन बघतो. तळवे कोमट असतील आणि मूल वेदनेनं किंचाळत असेल, तर तो जरा निर्धास्त होतो. दंशाच्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन दुखणं थांबवता येतं. पण पोर फारसं रडत नाही, घामानं निथळतंय, उलट्या होताहेत आणि हातपाय गार पडलेत, तर प्रकरण गंभीर. मुलगा असेल तर चड्डी खाली करून लिंग ताठरलंय का, हेही पाहतात. घरच्यांना ते चमत्कारिक वाटतं, पण विष अंगात भिनल्याची ती लवकर दिसणारी खूण आहे.

या खुणा आज वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. तिथवर त्या पोचल्या त्या रायगड जिल्ह्यातल्या खाटांवरून. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचवाच्या दंशानं धडधाकट मुलं दगावत होती. गावात मांत्रिक होता, झाडपाला होता. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांकडेही त्याहून फार खात्रीचं काही नव्हतं. बावस्करांनी केलं ते एवढंच, की रात्र रात्र खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास टिपून ठेवले. त्यातून दिसलं की मूल जातं ते हृदय थकून आणि फुप्फुसांत पाणी भरून. शेवटी तोंडाला गुलाबी फेस येतो. या पूर्वखुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

होतं असं, की विषामुळे मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग वेळेवर बंद होत नाहीत आणि मज्जासंस्था बेभान होते. सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या. मग अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात लोटतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातापायांचं रक्त आटतं. पाण्याच्या पाइपवर कुणी पाय दिलेला असताना पंप चालू ठेवावा, तशी हृदयाची गत होते. घाम आणि लाळ पाहून अ‍ॅट्रोपिन देण्याचा मोह होतो, पण त्यानं आधीच धावणारी नाडी आणखी धावते.

पाइपवरचा पाय काढायचा तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. त्यासाठी बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते शिरेतून थेंबाथेंबानं सोडायचं आणि रक्तदाबावर अखंड डोळा ठेवायचा. खेड्यातल्या दवाखान्याला हे झेपणारं नव्हतं. मग त्यांची नजर गेली प्राझोसिनकडे. रक्तदाबाची साधी, स्वस्त, पोटात घ्यायची गोळी. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी या गोळीचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच मांडले. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण आधी सुमारे ३० टक्के होतं, ते एका टक्क्याच्या आसपास आलं.

इथे शास्त्राचा नियम आडवा येतो. औषध खरंच लागू पडतं हे ठरवायचं तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकाला औषध द्यावं, दुसऱ्याला देऊ नये. पण रात्री दोन वाजता मूल फेस टाकतंय, खिशात गोळी आहे, आणि डॉक्टरनं चिठ्ठी काढायची? माझ्या मते इथे आधीच्या मृत्यूंशी तुलना करून थांबणं हा आळस नव्हता, ती माणुसकी होती. अर्थात अशा तुलनेत फसगत होऊ शकते. रस्ते सुधारले, लोक लवकर येऊ लागले, याचं श्रेयही गोळीच्या खात्यात जमा होतं.

विंचवाची प्रतिलस आली, तेव्हा मात्र रीतसर चाचणी शक्य झाली, कारण आता प्राझोसिन दोन्ही गटांना देता येत होतं. महाडमध्ये झालेली ही चाचणी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. रुग्ण ७०, फुप्फुसांत पाणी झालेले त्यात नव्हते. प्रतिलस आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले. नुसत्या गोळीवर असलेल्या ३५ पैकी ८. गोळी विषाचा परिणाम रोखते, रक्तातलं विष निष्प्रभ करते ती प्रतिलस, हे पाहता निकालात नवल नाही. पण प्रतिलस शिरेतून द्यावी लागते, तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि ती प्रत्येक केंद्राच्या फ्रिजमध्ये असेलच असं नाही.

म्हणून पहिली गोळी जवळच्या केंद्रातच द्यायची आणि मग मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. मात्रा वजनाप्रमाणे, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. हळूहळू विरघळणारी गोळी इथे कामाची नाही, साधीच हवी. आणि पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, तेव्हा गाडीत मुलाला आडवंच ठेवायचं. नेमकी इथेच गफलत होते. घाबरलेली आई त्याला उचलून उभं खांद्याशी धरते, आणि तसं करू नका हे तिला गाडी सुटायच्या आधी कुणीतरी सांगायला लागतं.