तेलाच्या टाकाऊ भागातील ठेवा

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ असे आपण निराशेने म्हणतो. परंतु तेल निघून गेल्यावर जे हाती उरते, तेही कधी कधी मोलाचे असते. इंदूर व माळव्यातील आमच्या वाचकांस सोयाबीनचे पीक सुपरिचित आहे. त्याच्या संशोधनासाठी इंदुरात १९८७ सालापासून राष्ट्रीय संस्थाही आहे. म्हणून आम्ही सोयाबीनच्या तेलाचेच उदाहरण घेतो.

सोयाबीनच्या दाण्यात शेकडा १८ ते २० भाग तेल असते. ते काढल्यावर त्यातील चिकट द्रव्ये, आम्ल व रंग क्रमाने दूर करतात. शेवटी वास घालविण्यासाठी, हवा काढून घेतलेल्या पात्रात ते २२० ते २६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफेबरोबर उडालेली द्रव्ये थंड केली म्हणजे उग्र वासाचा, तपकिरी, दाट ऐवज जमतो. टनभर तेलामागे तो काही किलोच भरतो आणि दिसावयास टाकून देण्याजोगाच असतो. परंतु तेलातील टोकोफेरॉलचा, म्हणजे ‘ई’ जीवनसत्त्वाचा, बराच अंश त्यातच उतरलेला असतो!

या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेतील बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी लावला. ठरावीक आहारावर पोसलेल्या उंदरिणींचे गर्भ टिकत नसत. हिरवी पाने किंवा गहू दिल्यावर मात्र ते टिकत. पुढे १९३६ साली इव्हान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून ते द्रव्य वेगळे केले. टोकोफेरॉल या नावाचा ग्रीक अर्थच ‘अपत्य धारण करणारे’ असा आहे.

तेलात त्याचे कार्य रक्षकाचे असते. हवेतील प्राणवायूचा संपर्क होऊन तेलाचा एक कण बिघडला की तो शेजारच्यास बिघडवितो, आणि अशी साखळी वाढत जाऊन तेल खवट होते. टोकोफेरॉल आपल्याजवळील हायड्रोजनचा अणू त्या बिघडलेल्या कणास देऊन साखळी तोडते, आणि त्या कामी स्वतः खर्ची पडते.

टाकाऊ ऐवजातून ते काढणे कष्टाचे आहे. त्यातील स्निग्धाम्लांवर मद्यार्काची प्रक्रिया करून ती सहज उडून जातील अशी करतात. थंडाव्यात स्टेरॉलचे खडे धरतात, ते गाळून घेतात. औषधे बनविण्यास तेही उपयोगी पडतात. उरलेला भाग अत्यंत कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित केला म्हणजे टोकोफेरॉल हाती येते. बाजारातील नैसर्गिक ‘ई’ जीवनसत्त्वाचा मोठा भाग सोयाबीनच्या अशाच अवशेषातून येतो.

येथे वाचकांस एक सावधगिरीचा शब्द सांगणे आम्हांस अवश्य वाटते. जे तेलास राखते ते आपल्यासही राखील, जितके अधिक तितके बरे, अशा समजुतीने कित्येक घरांत ‘ई’च्या गोळ्या मनानेच घेतल्या जातात. अमेरिकेत व कॅनडात ३५,००० हून अधिक पुरुषांवर याची मोठी परीक्षा झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, रोज ४०० एककांची गोळी घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग कमी झाला नाही. उलट नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपेक्षा तो शेकडा १७ ने अधिक आढळला. जीवनसत्त्व शरीरास हवेच. पण आहारात ते दाणे, तेल व पालेभाजी यांतून मिळते. गोळी घ्यावयाची ती वैद्याच्या सांगण्यावरूनच.

तेव्हा या ठेव्याचे साधे व निर्विवाद काम कोणते? खाद्यपदार्थ खवट होऊ न देणे. तेच काम गृहिणीही आपल्या परीने करू शकते: तेल बेताचे आणावे, झाकण घट्ट लावून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावे, आणि तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. म्हणजे तेलात उरलेला रक्षक व्यर्थ खर्ची पडणार नाही.