इंग्रजी सब्जंक्टिव्ह आणि मराठी क्रियापदाचे अर्थ

परंपरागत मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. इंग्रजीतील 'सब्जंक्टिव्ह'चे कार्य मराठीत मुख्यतः विध्यर्थ व संकेतार्थ यांत विभागलेले आहे. त्यास एकच प्रतिशब्द शोधणाऱ्या अभ्यासकाची अडचण येथूनच सुरू होते.

प्रथम संकेतार्थाचा विचार. हिंगोली जिल्ह्यातील शेतकरी 'मृगाचा पाऊस पडला तर सोयाबीन पेरू' असे म्हणतो. यातील 'पडला' हे रूप भूतकाळाचे असले, तरी अट सर्वस्वी शक्य कोटीतील आहे. तेथे काळ नव्हे, तर क्रियेची पूर्तता अभिप्रेत असते. विद्यार्थी याचे शब्दशः भाषांतर 'इफ इट रेन्ड' असे करतो, तेव्हा इंग्रजी वाचकास पावसाची आशा जवळजवळ मावळल्याचा बोध होतो. कारण पुढील काळाविषयीच्या अटीत इंग्रजी भूतरूप वास्तवापासूनचे अंतर दर्शविते. तेथे 'इफ इट रेन्स' हेच योग्य. उलटपक्षी 'मी जिल्हाधिकारी असतो तर' या निव्वळ कल्पनेस औपचारिक लेखनात 'इफ आय वेअर' हवे. मराठीत असतो, असतास, असता असा पुरुषभेद टिकतो. इंग्रजीत 'वेअर' हे एकच रूप सर्व पुरुषांना चालते. बोलण्यात 'वॉज'ही रूढ आहे.

विध्यर्थाच्या बाबतीत चुकीचे परिणाम अधिक गंभीर होतात. समजा, तलाठी गावात राहत नाही म्हणून 'तलाठ्याने गावातच राहावे' असा आग्रह ग्रामस्थांनी अर्जात धरला. 'इन्सिस्ट' या क्रियापदानंतर गौणवाक्यात 'लिव्ह' हे मूळ रूप आले, तर ती मागणी ठरते. सवयीने 'लिव्हज' लिहिले, तर तलाठी गावातच राहतो, असे ग्रामस्थ ठासून सांगत असल्याचा अर्थ निघू शकतो. एका प्रत्ययाने तक्रार स्वतःविरुद्ध साक्ष देऊ लागते. ठरावांतील 'बी' आणि 'इज' यांचा भेदही याच जातीचा आहे.

फाउलर यांनी १९२६ मध्ये इंग्रजी सब्जंक्टिव्ह मरणोन्मुख असल्याचे मत मांडले होते. तथापि मागणीवाचक प्रयोग विसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकी इंग्रजीत, पुन्हा बळावला. तेव्हा हा विषय कालबाह्य समजता येत नाही.

मराठी भाषकास कसोटी घरचीच उपलब्ध आहे. मनातील वाक्यात 'आहे' बसते, 'असावे' बसते की 'असता', हे आधी ठरवावे. इंग्रजी रूपाची निवड त्यानंतर करावी.