विश्लेषण : प्रवासी गाडी भाड्याने देण्यासाठी नेमका कोणता परवाना लागतो? वेवजीसारख्या सीमेवरच्या गावात पेच कोणता?

तलासरी तालुक्यातील वेवजी गावातून उंबरगाव रोड रेल्वे स्थानकाकडे निघालेली गाडी काही मिनिटांत राज्य ओलांडते. स्थानक सोलसुंब्यात, म्हणजे गुजरातेत. उंबरगावची औद्योगिक वसाहत गुजरातेत, वापीही तिकडेच. कामगार, वऱ्हाडी, यात्रेकरू आणि सहली यांच्यामुळे या पट्ट्यात गाड्यांना बारमाही मागणी असते. त्यामुळे कर्ज काढून सात आसनी गाडी, टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मिनीबस घेण्याचा विचार अनेक तरुण करतात. मात्र गाडी दारात आल्यावर परवान्याचा प्रश्न उभा राहतो. तो चुकला तर नुकसान दंडापुरते राहत नाही, अपघातानंतरची सगळी भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते.

लायसन्स आणि परमिट यांत फरक काय?

बोलीभाषेत दोन्हीला ‘लायसन्स’ म्हटले जाते, पण कायद्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती. ती चालकाची असते. परमिट म्हणजे परवाना. तो वाहनाचा असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार परवान्याशिवाय कोणतेही परिवहन वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरता येत नाही. चालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठा दिलासा दिला. हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्याला ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवण्यासाठी स्वतंत्र नोंद लागत नाही, असा तो निकाल आहे. मात्र त्यामुळे गाडीला परवान्यातून सूट मिळालेली नाही. चालकाचे कागद बरोबर आणि गाडीचे चूक, अशी स्थिती येऊ शकते.

कंत्राटी वाहतूक आणि टप्पा वाहतूक म्हणजे काय?

सगळा घोळ इथेच होतो. संपूर्ण गाडी ठरलेल्या रकमेला एका करारावर दिली, करारातील प्रवासीच बसवले आणि वाटेत इतर कोणालाही चढवले-उतरवले नाही, तर ती कंत्राटी वाहतूक. प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेतले आणि टप्प्याटप्प्यावर प्रवासी घेतले-सोडले, तर ती टप्पा वाहतूक. एसटीची नेहमीची फेरी ही टप्पा वाहतूक. लग्नासाठी ‘प्रासंगिक करारा’वर घेतलेली एसटी मात्र कंत्राटी वाहतुकीच्या धर्तीवर चालते. करार तोंडी असला तरी कायद्याला चालतो, पण तपासणीत लेखी करार आणि प्रवाशांची यादीच उपयोगी पडते.

महाराष्ट्रात टप्पा वाहतूक प्रामुख्याने एसटी महामंडळासाठी राखीव आहे. नव्या खासगी व्यावसायिकाला तो परवाना मिळणे जवळपास अशक्य असते. म्हणून ‘गाडी भाड्याने देणे’ हा व्यवसाय करणाऱ्याला कंत्राटी वाहतुकीच्या चौकटीतच राहावे लागते.

आसनसंख्येनुसार काय बदलते?

चालक वगळून सहापर्यंत प्रवासी असलेले वाहन ‘मोटार कॅब’, सातपासून बारापर्यंतचे ‘मॅक्सी कॅब’. दोन्ही कंत्राटी वाहनांतच मोडतात. बारापेक्षा जास्त आसने असली की मिनीबस किंवा बस म्हणून नोंद होते. तेथे शुल्क, कर आणि सुरक्षेच्या अटी वाढतात. म्हणून गाडी निवडण्याआधीच आसनसंख्येचा हिशेब करावा. एका आसनाने गट बदलला, तर वार्षिक खर्चाचे गणित बदलते.

पर्याय कोणते?

पहिला, राज्यातील कंत्राटी वाहतूक परवाना (कलम ७४). डहाणू, विक्रमगड, जव्हार, नाशिक, शिर्डी अशा राज्यांतर्गत भाड्यांसाठी तो उपयुक्त. परवाना किती क्षेत्रासाठी दिला आहे, हे त्यावर नमूद असते. मुदत पाच वर्षे.

दुसरा, विशेष परवाना (कलम ८८, पोटकलम ८). कंत्राटी वाहन एखाद्या फेरीसाठी परराज्यात न्यायचे असेल, तर तो घेता येतो. वर्षात दोन-चार वऱ्हाडे गुजरातेत नेणाऱ्याला हा मार्ग परवडतो.

तिसरा, अखिल भारतीय पर्यटक परवाना (कलम ८८, पोटकलम ९). यासाठीचे नवे नियम १ मे २०२३ पासून लागू आहेत. अर्ज ऑनलाइन होतो. परवाना वर्षासाठी किंवा तीन महिन्यांसाठी घेता येतो. चालक वगळून २३ किंवा त्याहून अधिक आसनांच्या बसला वर्षाला ३ लाख, तर तीन महिन्यांना ९० हजार रुपये शुल्क आहे. लहान वाहनांना ते बरेच कमी आहे. प्रत्येक राज्याच्या सीमेवर वेगळा कर भरत बसावे लागू नये, हा या व्यवस्थेचा हेतू आहे.

चौथा, खासगी सेवा वाहन परवाना (कलम ७६). कारखान्याने स्वतःच्या बसमधून स्वतःच्या कामगारांना भाडे न घेता नेले, तर हा परवाना लागतो. भाड्याने गाडी देणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही. विद्यार्थी वाहतुकीलाही स्वतंत्र नियम आहेत. राज्याची स्कूल बस नियमावली २०११ ची आहे.

विजेवर चालणाऱ्या परिवहन वाहनांना केंद्राने २०१८ मध्ये परवान्याच्या अटीतून सूट दिली. नोंदणी, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र मात्र त्यांनाही लागतेच.

वेवजीत वेगळे काय?

१ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा काही भाग गुजरातेत गेला. रेषा पडली, पण बाजार, नातीगोती आणि रोजगार एकत्रच राहिले. वेवजी आणि सोलसुंबा यांच्या हद्दीवरून अलीकडेही वाद झाले. गावकऱ्याला हा शेजार वाटतो, पण परिवहन कायद्याच्या लेखी तो आंतरराज्य प्रवास आहे. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या प्रतिस्वाक्षरीशिवाय तिथे वैध नसतो. अपवाद विशेष आणि पर्यटक परवान्यांचा. किती किलोमीटर आत गेलो, याला महत्त्व नाही.

समजा, उंबरगावच्या एका कारखान्याने रोजच्या पाळीसाठी वेवजीतील मिनीबस मासिक करारावर घेतली. पैसे कारखाना एकरकमी देत असेल, तर ही कंत्राटी वाहतूक. त्याच गाडीत प्रत्येक कामगाराकडून रोज वीस-तीस रुपये गोळा केले, तर ती टप्पा वाहतूक ठरते. शिवाय गाडी रोज सीमा ओलांडणार असल्याने फक्त महाराष्ट्राचा परवाना पुरणार नाही. रोजची कामगार वाहतूक पर्यटक परवान्यात बसते का, असा आक्षेपही तपासणीत येऊ शकतो. म्हणून कराराची प्रत जोडून परिवहन कार्यालयाकडून आधीच लेखी खुलासा घेणे श्रेयस्कर. 

पर्यटक परवान्यावर फेऱ्या मारता येतात का?

नाही. पर्यटक परवान्याच्या गाडीत प्रवाशांची यादी, प्रवासाचा आरंभ आणि शेवट यांच्या नोंदीसह, ठेवावी लागते. केरळमधील पथनमथिट्टा ते कोइम्बतूर मार्गावर अशा परवान्याची एक बस नियमित फेऱ्यांसारखी चालवली जाऊ लागली. २०२३ मध्ये तिच्यावर वारंवार कारवाई झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या डहाणूच्या महालक्ष्मी यात्रेतही हाच नियम लागू होतो. एका पाड्याने मिळून गाडी ठरवली तर ठीक. नाक्यावर उभे राहून ‘एक सीट, एक सीट’ अशी हाक दिली, की परवान्याची अट मोडते.

भाडे किती घेता येते?

राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसना, त्याच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा अधिक भाडे घेता येत नाही. सणासुदीतही ही मर्यादा कायम असते.

चूक महागात का पडते?

परवान्याविना किंवा त्याच्या अटी मोडून गाडी चालवल्यास कलम १९२-अ नुसार पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कलम २०७ नुसार गाडी अडकवूनही ठेवता येते. तेवढ्या काळात कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्याहून मोठा धोका विम्याचा. अमृत पाल सिंग प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने परवाना नसणे ही मूलभूत त्रुटी मानली. विमा कंपनीने जखमी किंवा मृताच्या कुटुंबाला आधी भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे सूत्र कायम ठेवले. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने फिरवणाऱ्यालाही हाच धोका असतो. भरपाईची रक्कम अनेकदा गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट असते.

अर्जापूर्वी काय तपासावे?

पुढच्या वर्षभरात मिळू शकणाऱ्या भाड्यांची यादी करावी. किती राज्यात, किती गुजरातेत, पैसे एकरकमी मिळणार की माणशी, हे लिहावे. बहुतेक भाडी राज्यातलीच असतील तर राज्याचा परवाना आणि गरजेपुरता विशेष परवाना पुरतो. दमण, सापुतारा, केवडिया अशी भाडी सतत असतील तर पर्यटक परवाना. हंगामी धंदा असेल तर आधी तीन महिन्यांचाच घ्यावा. त्यानंतर व्यावसायिक नोंदणी, प्रवाशांचा समावेश असलेला विमा, योग्यता प्रमाणपत्र (वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी), पीयूसी, वेगनियंत्रक, स्थानदर्शक यंत्रणा आणि कर भरल्याची पावती, हे सारे तपासावे. गाडीची नोंदणी करण्यापूर्वीच हा हिशेब मांडलेला बरा, कारण नंतर गट किंवा परवाना बदलायचा तर खर्च दुप्पट होतो आणि हंगामही हातचा जातो.