गोकूचा चौथा अवतार 'पोथीत' बसतो का? 'ड्रॅगन बॉल दायमा'च्या शेवटावरून चाहत्यांमध्ये दोन तट का पडले, समजून घ्या

मंगरूळपीर : जपानच्या फुजी टीव्हीवर २८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री 'ड्रॅगन बॉल दायमा' या अ‍ॅनिमे मालिकेचा विसावा आणि अखेरचा भाग दाखवला गेला. खलनायक हरला, मालिका हसतखेळत संपली. भांडण सुरू झालं ते त्यानंतर. ज्यांना ते मिटवता आलं असतं, ते या कथेचे जनक अकिरा तोरियामा हयात नव्हते. त्यांना जाऊन दुसऱ्याच दिवशी, १ मार्चला, एक वर्ष पूर्ण होणार होतं.

वाशीम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात बसून जपानी कार्टूनच्या भांडणाशी आपल्याला काय करायचंय, असं कुणी म्हणेल. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी केबलवरच्या कार्टून नेटवर्कवर 'ड्रॅगन बॉल झी' पाहून शाळेच्या मैदानात 'कामेहामेहा' म्हणत दोन्ही हात पुढे करणारी पोरं आज तिशीत आहेत. मालिका तेव्हा शेजारच्या घरातल्या टीव्हीवर दिसायची, आता ती खिशातल्या मोबाईलवर येते. शेवट आवडला की नाही, यावर आज मंगरूळपीरचा तरुणही टोकियोतल्या तरुणाइतक्याच हक्काने बोलतो. तेव्हा भांडण नेमकं कशाचं आहे, ते पाहू.

'दायमा' म्हणजे नेमकं काय?

'ड्रॅगन बॉल' ही मुळात मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. ती १९८४ मध्ये 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली आणि १९९५ मध्ये संपली. एकूण प्रकरणं ५१९. तिच्यावरून अ‍ॅनिमे मालिका निघाल्या आणि मूळ खोडाला फांद्या फुटत गेल्या. अशा फांदीलाच 'स्पिन-ऑफ' म्हणतात. ठळक टप्पे असे :

• 'ड्रॅगन बॉल झी' (१९८९ ते १९९६) : २९१ भाग. भारतात सर्वाधिक परिचयाची हीच.
• 'ड्रॅगन बॉल जीटी' (१९९६-९७) : ६४ भाग. मांगा संपल्यावर तोएई या स्टुडिओने स्वतःच्या कथेवर पुढे नेलेली मालिका.
• 'ड्रॅगन बॉल सुपर' (२०१५ ते २०१८) : १३१ भाग. इथे तोरियामा कथेत परतले.
• 'ड्रॅगन बॉल दायमा' (ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५) : २० भाग. चाळिसाव्या वर्षाच्या निमित्ताने आलेली मालिका. मूळ कथा आणि पात्ररचना तोरियामांची.

वादाचं मूळ कालक्रमात आहे. मांगाच्या शेवटाकडे माजिन बू हा राक्षस हरतो आणि त्यानंतर कथा एकदम दहा वर्षं पुढे उडी मारते. मधली दहा वर्षं कोरी. या कोऱ्या पानांवर आधी 'सुपर' लिहिली गेली. मग २०२४ मध्ये 'दायमा' आली आणि ती 'सुपर'च्याही आधीच्या पानांवर जाऊन बसली. म्हणजे बनली शेवटी, पण घडते आधी.

शेवटी घडलं काय? (मालिका पाहायची असेल तर हा भाग सोडून पुढे जा)

दानवलोकाचा राजा गोमाह पृथ्वीवरच्या ड्रॅगन बॉलचा वर वापरून गोकू आणि त्याच्या साथीदारांना लहान मुलं करून टाकतो. यावर उपाय शोधायला गोकू दानवलोकात जातो. सोबतीला ग्लोरिओ, राजकन्या पांझी आणि इतर मंडळी. बरेच भाग प्रवासाचे, खाण्यापिण्याचे, गमतीचे आहेत.

१४ फेब्रुवारी २०२५ च्या अठराव्या भागात मात्र सगळं बदललं. नेवा या वृद्ध नामेकवासीयाच्या जादूच्या मदतीने गोकूने नवं रूप धारण केलं. लांब केस, अंगावर लालसर लव, मागे शेपटी. जुन्या चाहत्यांनी ते पाहताक्षणी ओळखलं. हा 'सुपर सायन ४'.

शेवटच्या भागात गोकू आणि गोमाह जीव तोडून लढतात, पण निर्णायक तडाखा गोकूचा नसतो. माजिन कू हे दुय्यम पात्र मागून येऊन गोमाहच्या डोक्यावर हाणतं, त्याच्या शक्तीचा स्रोत असलेला 'तिसरा डोळा' निखळतो आणि लढाई संपते. दानवलोकाची गादीही कूलाच मिळते. पुढे गोकू व्हेजिटाला सहज सांगून टाकतो की, बूशी लढाई झाल्यापासून आपण या रूपासाठी सराव करत होतो आणि याचं नाव 'सुपर सायन ४' ठेवू या.

याच एका वाक्याने रान पेटवलं.

खूश कोण आणि का?

'सुपर सायन ४' हे रूप १९९७ मध्ये 'जीटी' मालिकेत आलं होतं. त्याची रचना कात्सुयोशी नाकात्सुरू या चित्रकाराची. 'जीटी' तोरियामांनी लिहिली नव्हती. तिला त्यांनी मूळ कथेची बाजूची गोष्ट मानलं. साहजिकच 'जीटी'च्या चाहत्यांना वर्षानुवर्षं एकच टोमणा ऐकावा लागला : तुमचं आवडतं रूप खऱ्या कथेत नाहीच.

'दायमा'ने हा टोमणा बंद केला. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उंबरठ्याबाहेर उभं असलेलं रूप घरात आलं, तेही तोरियामांच्या नावावरच्या मालिकेतून. केस आता काळ्याऐवजी लालसर, पण रूप तेच. एका पिढीला वाटलं की आपलं बालपण खोटं नव्हतं. हा आनंद खरा होता.

नाराज कोण आणि का?

आता दुसरी बाजू. 'सुपर'च्या सुरुवातीला विनाशाचा देव बीरस येतो. गोकू त्याच्यापुढे एकेक रूप दाखवत 'सुपर सायन ३'पर्यंत जातो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. कालक्रमाने ही घटना 'दायमा'च्या नंतरची आहे. मग चौथं रूप हाताशी असताना गोकूने ते का वापरलं नाही? 'दायमा'त व्हेजिटाही 'सुपर सायन ३' होतो. 'सुपर'च्या १३१ भागांत तो ते रूप एकदाही का घेत नाही?

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जुन्या आवृत्तीत नवं फीचर टाकलं गेलं, पण पुढची आवृत्ती आधीच बाजारात गेलेली आहे आणि तिच्यात ते फीचर नाही.

शेवटचा भाग येईपर्यंत नाराज चाहत्यांकडे एक पळवाट होती. हे रूप नेवाच्या जादूचं होतं, जादू ओसरली, रूप गेलं, असं म्हणता येत होतं. गोकूच्या त्या वाक्याने ती बंद केली. मग तर्क लढवले गेले : गोकूची स्मृती पुसली गेली असेल, ही वेगळी कालरेषा असेल, तो विसरला असेल. मालिकेने यातल्या एकाही तर्काला दुजोरा दिला नाही.

दुसरी तक्रार लढाईच्या निकालाची. वीस भाग वाट पाहिली, गोकूने एवढं मोठं रूप घेतलं आणि मान मिळाला कूला! त्यावर बचाव असा की, मोठ्या प्रसंगाची हवा एका फजितीने काढून घेणं ही तोरियामांची सुरुवातीपासूनची खोड आहे. ज्यांनी लहानग्या गोकूच्या पहिल्या कथा वाचल्या, त्यांना हा शेवट ओळखीचा वाटला. ज्यांचा गोकू 'झी'पासून सुरू झाला, त्यांना तो फसवणूक वाटला.

अण्णा नाईकांनी शिकवलेला धडा

आधीच्या काळात जाणारी कथा लिहिताना लेखकाचे हात बांधलेले असतात. मराठी प्रेक्षकाला हे नवं नाही. 'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली तीच अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि कथा मागे गेली, अण्णा जिवंत असतानाच्या काळात. अण्णा मरणार हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरी लोकांनी अण्णा आणि शेवंता डोक्यावर घेतले. कारण प्रश्न 'काय होणार' हा नव्हता, 'कसं झालं' हा होता.

'दायमा'चे पहिले सतरा भाग याच नियमाने चालले. गोकू सुखरूप परतणार हे ठाऊक होतं, मजा प्रवासाची होती. अठराव्या भागात मालिकेने पुढच्या कथेवर परिणाम करणारी गोष्ट केली आणि तो परिणाम दाखवायला पुढे जागाच नव्हती.

'कॅनन' म्हणजे काय? आपल्या भाषेत, पोथीतलं

या वादात 'कॅनन' हा शब्द सतत येतो. अर्थ सोपा आहे. गावात सप्ताह बसला की कीर्तनकार आख्यान रंगवतात, मध्येच एखादी उपकथा जोडतात. मांडवात बसलेलं एखादं जाणतं माणूस शेजाऱ्याच्या कानात सांगतं, "हे पोथीत नाही." कॅनन म्हणजे पोथीत असलेलं. नंतर कुणी घुसवलेल्या भागाला मराठीत 'प्रक्षिप्त' असा नेमका शब्द आहे.

'प्रक्षिप्त काय' या प्रश्नावर जगातल्या मोठ्या कामांपैकी एक काम महाराष्ट्रातच झालं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. वि. स. सुकथनकर, त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि प. ल. वैद्य अशी संपादकांची पिढी बदलत गेली. काम पूर्ण झालं १९६६ मध्ये. मूळ रचनाकाराला विचारायची सोय नव्हती, म्हणून पुराव्यावर निर्णय झाला.

त्यांनी काय केलं, यात आजच्या भांडणाचं अर्धं उत्तर आहे. जे भाग मूळचे वाटले नाहीत, ते संपादकांनी फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही घराघरातली कथासुद्धा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणून ती सांगायचं कुणी थांबलं का? एखादी गोष्ट पोथीत असणं आणि ती माणसाच्या मनात असणं, हे दोन वेगळे हिशेब आहेत. 'दायमा'च्या वादात दोन्ही बाजूंनी ते एकाच वहीत मांडले आहेत.

हिशेब ठेवतं कोण?

गंमत म्हणजे खुद्द तोरियामा हिशेबाचे पक्के नव्हते. शिंक आली की केसांचा रंग आणि स्वभाव दोन्ही बदलणारं लाँच नावाचं पात्र त्यांच्या कथेतून हळूच गायब झालं. कारण विचारल्यावर त्यांनी आपण तिला विसरलो, असं मोकळेपणाने सांगितलं होतं. कुठलं रूप कधी आलं, कोण कुणापेक्षा बलवान, याची बारीक नोंद लेखकापेक्षा वाचकांनीच जास्त ठेवली.

ही नोंद ठेवणारे कुठवर जाऊ शकतात, हे मार्च २०१८ मध्ये दिसलं. 'सुपर' संपायला आली तेव्हा मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेस शहरात १३०वा भाग पाहायला हजारो माणसं चौकात जमली. असे सार्वजनिक खेळ विनापरवाना असल्याचं तोएईने जाहीर केलं, तरी पडदा लागला.

तोरियामा होते तोवर हिशेबातल्या चुका खपून जायच्या. मुलाखतीत विचारता येत होतं, पुढच्या चित्रपटात दुरुस्ती होईल अशी आशा होती. 'दायमा' पहिली अशी मालिका ठरली, जी सुरू होण्याआधीच तिचा लेखक गेला होता. शेवटाबद्दलच्या रागात हेही मिसळलेलं आहे. चाहते गोकूला विचारतायत, "चौथं रूप गेलं कुठे?" त्यामागचा प्रश्न असा आहे की, आता हे कुणाला विचारायचं? कथेचे हक्क कंपन्यांकडे राहतात. पुढची मालिका त्या काढू शकतात, एखादं भोक बुजवूही शकतात. पण "अरे, मी विसरलोच" असं हसून सांगण्याचा हक्क फक्त लेखकाचा होता.

आता पाहायची असेल तर?

'ड्रॅगन बॉल' पहिल्यांदाच पाहणार असाल, तर आधी 'झी', मग 'सुपर' आणि शेवटी 'दायमा' असा क्रम ठेवा. म्हणजे ज्या क्रमाने मालिका बनल्या, त्याच क्रमाने. कालक्रमाने पाहायला गेलात, तर 'दायमा'नंतर 'सुपर'च्या सुरुवातीलाच बीरससमोर तुम्हालाही तोच प्रश्न पडेल. जुने चाहते असाल, तर अठरावा भाग थोडा वेळ हिशेबाची वही मिटून पाहा. वही उघडायला शेवटच्या भागानंतर वेळच वेळ आहे.