कोबाल्ट-६० : उपयोग आणि भय

पावसाळ्यांत आमच्या गोंदियाकडे घरोघरीं कांद्यांस कोंब फुटतात व बराच माल वायां जातो. हें नुकसान टाळण्यासाठीं नाशिक जिल्ह्यांत लासलगांव येथें २००२ सालीं 'कृषक' केंद्र उभें राहिलें. तेथें कोबाल्ट-६० या धातूच्या गॅमा किरणांनीं कांद्याचा कोंब खुंटवितात. कांदा स्वतः मात्र किरणोत्सर्गी होत नाहीं.

हा धातु खाणींत सांपडत नाहीं. साध्या कोबाल्टाचे अणु अणुभट्टींत न्यूट्रॉन शोषून किरणोत्सर्गी बनतात, दर ५.२७ वर्षांनीं त्यांची शक्ति अर्धी होते. कर्करोगाच्या पेशी मारण्यासहि वैद्य याच किरणांचा उपयोग करीत आले आहेत.

परंतु जो किरण कोंबास मारतो, तो माणसासहि सोडीत नाहीं. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. २०१० सालीं दिल्लींतील मायापुरी येथें मोडींत विकलेलें प्रयोगशाळेचें एक जुनें यंत्र भंगारवाल्यांनीं अजाणतां फोडलें. एक मजूर प्राणास मुकला, आणखी कांहीं जणांस किरणांची गंभीर बाधा झाली. यंत्रांत काय आहे याची आठवण कोणीं ठेवली नाहीं, हाच त्या अनर्थाचा उगम. म्हणून विद्यार्थीमित्रहो, पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांचें चिन्ह दिसतांच दूर व्हावें व वडील माणसांस कळवावें, एवढें आम्ही आग्रहानें सांगतों.