हवाशुद्धक निवडताना : गाळणी बारीक की प्रवाह मोठा?

हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही. धूर, धूळ आणि वाहनांतून बाहेर पडणारे कण तिच्यात साठून राहतात. अशा दिवसांत दमा असलेली मुले बेजार होतात आणि घरात एअर प्युरिफायर, म्हणजे हवाशुद्धक यंत्र आणावे का, असा प्रश्न पालकांना पडतो. दुकानातल्या बहुतेक खोक्यांवर एक आकडा ठळकपणे छापलेला असतो : ९९.९७ टक्के. हा आकडा खरा असूनही ते यंत्र आपल्या खोलीसाठी अपुरे पडू शकते. असे कसे?

प्रथम हा आकडा कोठून आला ते पाहू. १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी सूक्ष्म तंतूंची गाळणी वापरात आली. तिचीच पुढची आवृत्ती आज ‘हेपा’ या नावाने ओळखली जाते. ०.३ मायक्रोमीटर व्यासाच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के कण तिने अडवले पाहिजेत, असा अमेरिकी दंडक आहे.

मग ०.३ हून लहान कण निसटत असतील, असे कोणालाही वाटेल. पण ही गाळणी पिठाच्या चाळणीसारखी काम करत नाही. तंतूला वळसा घालून जाणाऱ्या हवेबरोबर मोठ्या, जड कणांना वळता येत नाही. ते तंतूवर आदळून चिकटतात. फार लहान कणांना हवेचे रेणू सतत धक्के देत असतात. या ब्राउनीय गतीमुळे ते वेडेवाकडे भरकटतात आणि कोणत्या ना कोणत्या तंतूला चिकटतात. ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण मात्र या दोन्ही प्रकारांनी सहज सापडत नाहीत. म्हणजे ९९.९७ हा सर्वांत अवघड परीक्षेतला निकाल आहे.

उणीव वेगळ्याच ठिकाणी आहे. हा आकडा गाळणीतून गेलेल्या हवेबद्दल बोलतो. किती हवा गेली, ते सांगत नाही. समजा, एका टाकीत गढूळ पाणी आहे आणि वरून गढूळ पाण्याची धार चालूच आहे. एक जण फुलपात्राने पाणी काढून उत्तम फडक्यातून गाळतो व परत टाकीत ओततो. दुसरा जरा विरळ फडके घेऊन बादलीने हेच काम करतो. कोणाची टाकी अधिक नितळ राहील?

म्हणूनच गाळणीची कार्यक्षमता आणि हवेचा प्रवाह यांचा गुणाकार पाहावा लागतो. त्याला शुद्ध हवा पुरवठ्याचा दर किंवा ‘सीएडीआर’ म्हणतात. चाचणीत बंद खोलीत धूर सोडून कणांचे प्रमाण किती झपाट्याने घटते ते मोजतात आणि यंत्र बंद असताना आपोआप होणारी घट त्यातून वजा करतात.

आता गणित करू. १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर होते. ‘अ’ यंत्राची कार्यक्षमता ९९.९७ टक्के, पण प्रवाह ताशी ६० घनमीटर, सीएडीआर ६०. ‘ब’ यंत्राची कार्यक्षमता ८५ टक्के, प्रवाह ताशी २०० घनमीटर; सीएडीआर १७०. घनफळाने भागले, तर ‘अ’ तासाला सुमारे १.८ खोल्यांइतकी आणि ‘ब’ ५ खोल्यांइतकी शुद्ध हवा देते.

बाहेर पीएम २.५ कणांचे प्रमाण घनमीटरला ९० मायक्रोग्रॅम आहे आणि खिडक्या बंद असूनही फटींतून तासाला एक खोलीभर हवा आत येते, असे मानू. खाली बसणारे कण सोपेपणासाठी सोडून देऊ. काही वेळाने जितके कण आत येतात, तितकेच बाहेर जातात किंवा गाळले जातात. तेव्हा ‘अ’ असताना घरातील प्रमाण ९० ÷ २.८, म्हणजे सुमारे ३२ राहील. ‘ब’ असताना ९० ÷ ६, म्हणजे १५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा १५ च आहे.

आता खिडकी उघडा. तासाला १० खोल्यांइतकी हवा आत आली, तर ‘ब’ चालू असूनही प्रमाण ९० × १० ÷ १५, म्हणजे ६० होते. भारताच्या २००९ च्या मानकातील चोवीस तासांची मर्यादा नेमकी ६० आहे. खिडकी उघडी ठेवून यंत्र चालवणे म्हणजे टाकीवरची धार मोठी करून पाणी गाळत बसणे.

पण खिडकी कायमची बंदही ठेवता येत नाही. हवाशुद्धक कार्बन डायऑक्साइड काढून टाकत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात दारे-खिडक्या लावून यंत्र सुरू केले, तर कण कमी होतील, हवा मात्र कोंदट होईल. हेपा गाळणी वायूही अडवत नाही. त्यासाठी सक्रियित कोळशाचा पुरेसा जाड थर लागतो. ओझोन निर्माण करणारे यंत्र तर घेऊच नये, कारण ओझोनने श्वसनमार्गाचा दाह होतो.

खरेदी करताना खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये काढून त्याला ५ ने गुणावे. निदान तेवढा सीएडीआर हवा. तो बहुधा सर्वाधिक वेगाला मोजलेला असतो. रात्री आवाजामुळे यंत्र मंद ठेवले, तर तो बराच घटतो; म्हणून थोडे मोठे यंत्र घेणे श्रेयस्कर.

आणि यंत्र घेण्यापूर्वी घरातील धूर थांबवावा. बंद खोलीत डासांची कॉइल जळत ठेवून शेजारी हवाशुद्धक चालवण्यात काय हशील? वरील गणित विद्यार्थ्यांना आपापल्या घराच्या खोलीसाठी करायला द्यावे. कोणती खरेदी उपयोगी आणि कोणती वाया, हे ते स्वतःच घरी सांगतील.